पण किल्ली तात्यांकडं असते

तात्या,

तुमच्या शोकसभेत सगळेच थोडंथोडं खोटं बोलले. मीही बोलले.

पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झाल्यावर शाळेनं त्याच मांडवात, त्याच माइकवर तुमची शोकसभा ठेवली होती. तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले होते. निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून मला रहिमतपूरहून मुद्दाम बोलावलं होतं. सरपंच बोलले, दोन माजी विद्यार्थी बोलले, कदम सर बोलले. प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द, प्रामाणिक. तात्यांनी इतक्या वर्षांत शाळेतला खडूसुद्धा घरी नेला नाही, असं कदम सर म्हणाले. मी ऐकत होते आणि मला आठवत होतं, की कदम सर स्वतः निवृत्त झाले तेव्हा त्यांना कुणीच प्रामाणिक म्हटलं नव्हतं. शिस्तप्रिय म्हटलं, विद्यार्थिप्रिय म्हटलं. ते खडू घरी नेतात का, हा प्रश्नच कुणाच्या मनात आला नव्हता. तुमच्या बाबतीत मात्र मेल्यावरसुद्धा गावाला तो निकाल जाहीर करावा लागला.

मग माझी पाळी आली. मी माइकसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "तात्या अत्यंत प्रामाणिक होते." टाळ्या झाल्या नाहीत, शोकसभा होती म्हणून. 

हे पत्र त्या वाक्याच्या पोटात काय होतं ते सांगायला लिहिते आहे. तुमची जमात मी इथं लिहीत नाही. लिहिली की वाचणारा आधी तीच वाचेल आणि पुढचं सगळं तिच्या उजेडात बघेल. मीही तेच केलं होतं, म्हणून मला ठाऊक आहे.

विट्याच्या पुढच्या त्या गावात मी मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात शाळा समितीचे अध्यक्ष चहाला थांबले आणि उठता उठता म्हणाले, शिपाई कामाला चांगला आहे, पण वस्तीवरचा आहे, जरा लक्ष असू द्या. मी लक्ष ठेवू लागले. तुम्ही सकाळी सगळ्यांच्या आधी यायचात, याचं मला कौतुक वाटायच्या आधी शंका आली, की इतक्या लवकर येऊन करतात काय. पंचायत समितीत टपाल द्यायला गेलात की परत आल्यावर तिथल्या माणसाची सही, वेळेसकट, माझ्यापुढं ठेवायचात. मी मागितलेली नसायची. विट्याला गेलात, सांगलीला पाहुण्यांकडं गेलात, की एसटीचं तिकीट एका जुन्या डब्यात जपून ठेवायचात. डबा भरत आला होता. मला वाटलं, प्रवासभत्त्याची काहीतरी भानगड असेल. एकदा विचारलंच.

"असूं द्यात बाई," तुम्ही म्हणालात. "कवा कोण इचारील, अमक्या दिवशी कुठं हुतास म्हून. आपल्याजवळ कागुद आसावा."

मी हसले होते. त्या वेळी मला तो तुमचा विक्षिप्तपणा वाटला. आता वाटतं, संशय कसा घेतला जातो हे तुम्हाला माझ्यापेक्षा लय आधी कळलं होतं आणि तुम्ही रोज थोडीथोडी उलटतपासणीची तयारी करत होता.

चौदा ऑगस्ट हा आपला भांडायचा दिवस. शाळा सुटल्यावर तुम्ही ऑफिसात खाली बसून झेंड्याला इस्त्री करायचात, झेंडूच्या पाकळ्या सुट्या करून ठेवायचात आणि मी समोर भाषण लिहीत बसायची. असंच एका वर्षी तुम्ही तुमच्या वडिलांची गोष्ट सांगितलीत. ते सोलापूरकडच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत जन्मले होते. इंग्रजांनी काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं होतं, त्यांना तिथं ठेवायचे आणि दिवसातून अनेकदा हजेरी घ्यायचे. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी वसाहतीतल्या पोरांना पेढा वाटला. तुमचे वडील तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. त्यांनी पेढा खाल्ला आणि संध्याकाळी रोजच्यासारखी हजेरीला उभे राहिले. त्यांच्या वडिलांनी हजेरी घेणाऱ्या शिपायाला विचारलं, स्वातंत्र्य मिळालं ना? तो म्हणाला, मिळालं, पण तुमचा कागद अजून आला नाही. तो कागद यायला पाच वर्षं लागली. बावन्न सालच्या ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी तो कायदा गेला.

"म्हून सांगतो बाई, तुमचं पंधरा ऑगस्ट हाय, आमचं एकतीस."

मला ते आवडलं नाही. मी इतिहासाची शिक्षिका. माझे सासरे बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत होते, आमच्या घरातला पंधरा ऑगस्ट म्हणजे दिवाळीच्या वरचा सण. मी म्हणाले, देश एक, झेंडा एक, मग स्वातंत्र्य दोन कशी असतील? असे तुकडे पाडू नयेत. मनात मला अशीही शंका आली, की सांगलीच्या कुणा कार्यकर्त्यानं हे तुमच्या डोक्यात भरवलंय.

तुम्ही इस्त्री बाजूला ठेवलीत. "झेंडा आमचाच हाय की. मीच तर बांदतो. तारीख तेवढी तुमची."

मी पाकळ्या कमी आहेत असं काहीतरी म्हणाले. पुढं दर वर्षी आपण तो वाद तिथूनच पुढं सुरू करायचो. तुम्ही म्हणायचात, एकतीसला तासभर सुट्टी द्या, वस्तीवर जमतो आम्ही. मी म्हणायची, किरकोळ रजेचा अर्ज द्या. अर्जात कारण लिहिताना तुम्ही 'स्वातंत्र्यदिन' लिहायचात आणि मी ते खोडून 'घरगुती' करायची. खोडाखोड माझ्या हातची आहे. दप्तरात अजून असेल.

आता त्या वर्षाचं लिहायला हवं. इतका वेळ ते टाळत आले.

गावचे एक शेठ तिकडं कोइमतूरला सोनं गाळायच्या धंद्यात आहेत. त्यांनी वडिलांच्या नावानं शाळेला चांदीची ढाल दिली होती, शिष्यवृत्तीत पहिल्या येणाऱ्या मुलासाठी. पंधरा ऑगस्टला त्यांच्याच हस्ते ती द्यायची होती. ढाल ऑफिसातल्या लोखंडी कपाटात. कपाटाच्या किल्ल्या दोन, एक माझ्या पर्समध्ये, एक तुमच्याकडं. चौदा तारखेला सकाळी तुम्ही झेंडा काढायला कपाट उघडलंत आणि दोरी ओवायला मैदानावर गेलात. दुपारी मी बघितलं तर ढाल नाही.

मी अध्यक्षांना सांगितलं. त्यांनी मला न विचारता चौकीत फोन केला. चौकी चार किलोमीटरवर, तिथले बहुतेक पोलीस शिराळ्याला नागपंचमीच्या बंदोबस्ताला गेलेले. फौजदारही तिकडंच. एक हवालदार मोटारसायकलवर आला. माझ्या टेबलासमोर बसला, पाणी प्यायला आणि त्यानं विचारलं, "बाई, तुमचा कुणावर संशय?"

मी म्हणाले, "तसा कुणावर नाही. पण किल्ली तात्यांकडं असते."

एवढंच. नंतर कैक वर्षं मी स्वतःला आणि दुसऱ्यांना सांगत आले, की मी कुणाचं नाव घेतलं नाही. संशय कुणावर नाही असं मी स्पष्ट म्हणाले होते, हे खरंच आहे. हवालदारानं मात्र माझ्या वाक्यातला 'पण' तेवढा उचलला. मी तो त्याच्यासाठीच ठेवला होता. माझ्याकडंही एक किल्ली असते, हे मला सांगता आलं असतं. तेव्हा ते सुचलं नाही, आणि का सुचलं नाही हे मला पक्कं माहीत आहे.

त्यानं पुढं विचारलं, शिपाई कुठला? मी वस्तीचं नाव सांगितलं. त्यानं वही मिटली. पुढं काही विचारायची त्याला गरज उरली नव्हती.

तुम्ही मैदानावरून आलात ते दोरीचा गुंडाळा हातात घेऊनच. हवालदार म्हणाला, चल. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी टेबलावरचे कागद सारखे करत होते. तुम्ही दोरी दाराशी ठेवलीत, चप्पल घातलीत आणि त्याच्या मागं बसून गेलात.

संध्याकाळी कदम सर विट्याहून मुलांचा खाऊ घेऊन परतले आणि उलगडा झाला. शेठच्या वडिलांच्या नावात ढालीवर वेलांटी चुकली होती. शेठचा पुतण्या सकाळी ती दुरुस्तीला न्यायला आला होता आणि उघड्या कपाटातली ढाल कदम सरांनीच त्याच्या हाती दिली होती. मला सांगायचं ते कवायतीच्या गडबडीत विसरले. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. सगळे हसले. कदम सरांना कुणी काही विचारलं नाही, मीही नाही.

मी चौकीत फोन केला. हवालदार म्हणाला, नोंद झाली आहे, साहेब शिराळ्याहून आल्याशिवाय सोडता येणार नाही. मी बरं म्हणाले. चार किलोमीटर, तात्या. कदम सरांची गाडी दारात उभी होती. मी जाऊन तिथं बसले असते, तर मुख्याध्यापिकेला बघून त्यानं बहुधा सोडलंही असतं. मी खोलीवर गेले आणि भाषण पुरं केलं. स्वातंत्र्याचा अर्थ, असा विषय होता.

सकाळी झेंडा कदम सरांनी बांधला, माझ्या डोळ्यांदेखत. शेठनी दोरी ओढली. झेंडा उघडला नाही. त्यांनी जोरात ओढली, गावातले निवृत्त सुभेदार पुढं झाले, त्यांनी ओढली. वरती गाठोडं तसंच. मागच्या रांगेतली मुलं खुसखुसायला लागली. तेवढ्यात तुम्ही फाटकातून आत आलात. चौकीतून सुटून थेट, चालत. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. सगळी शाळा तुमच्याकडं बघायला लागली, कारण ती गाठ सोडवणारा माणूस एकच होता हे पहिलीतल्या पोरालाही माहीत होतं.

मी तुमच्यापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "तात्या, तेवढं बघा ना."

तुम्ही तुमच्या जागेवर, खांबाच्या उजव्या अंगाला, सावधानमध्ये उभे राहिलात. आवाज न चढवता म्हणालात, "आज माजी हजेरी चौकीत लागलीया, बाई. शाळंत न्हाई."

आणि तुम्ही हललाच नाहीत. शेवटी खांब आडवा करायला लागला. चार माणसं लागली. पाकळ्या जमिनीवर पडल्या, झेंडा मोकळा करून पुन्हा वर गेला, राष्ट्रगीत झालं. तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं म्हणालात.

यापुढचं सांगायची लाज वाटते. गाठ कदम सरांनी मारली हे मी बघितलं होतं. तरी मला शंका आली, की आदल्या दिवशी दोरी ओवताना तुम्हीच कप्पीत काहीतरी करून ठेवलं असेल. तुम्हाला नेतील हे तुम्हाला कुठून माहीत असणार, असा साधा विचारही मी केला नाही. ढाल सापडली होती, तुम्ही निर्दोष होता, गाव तुम्हाला 'वाईट वाटून घेऊ नका' म्हणत होतं, आणि मी नवा संशय काढला होता. जुना खोटा ठरला तर मला कुठंतरी तुमचा दोष हवा होता, म्हणजे हिशेब सारखा झाला असता. तीनेक वर्षांनी एकदा मी आडून विचारलं, की त्या वर्षी कप्पी गंजली होती का हो.

तुम्ही झाडू थांबवलात. "बाई, तुमी अजून तपास करताय व्हय?"

त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

तुम्हीही माझ्यावर संशय घेत होतात, हे मला माहीत आहे. त्या वर्षानंतर तुम्ही कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवलीत आणि परत कधी घेतली नाहीत. घंटा, नळ, वर्ग, झेंडा, सगळं पहिल्यासारखं केलंत. पण ऑफिसात एकटे कधी थांबला नाहीत. मी आत नसले तर दाराबाहेर उन्हात उभे असायचात. मी चहा पुढं केला तर आधी माझ्या तोंडाकडं बघायचात, की आज काय काम आहे.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी मी एक ठराव मांडला, की यंदा झेंडावंदन तात्यांच्या हस्ते व्हावं. अध्यक्षांनी कुरकुरत होकार दिला. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. मी तुम्हाला बोलावून सांगितलं. तुम्ही उंबऱ्याच्या आत आला नाहीत.

"का बरं, बाई? आत्ताच का?"

मी म्हणाले, इतकी वर्षं तुम्ही बांधलात, एकदा तुम्ही फडकवा.

"काय बोलायचं आसंल तर बोला की. झेंड्याला कशाला मदी घेताय."

मी बोलले नाही. तुम्ही नेहमीप्रमाणे झेंडा बांधलात आणि दोरी सुभेदारांनी ओढली.

तरीही तुमचे उपकार मोजायचे म्हटले तर ते मोजून पुरे व्हायचे नाहीत. मला टायफॉइड झाला तेव्हा खोलीवर पाण्याचे हंडे तुम्ही आणलेत आणि तुमच्या बायकोला, इंदुवहिनींना, माझ्या सोबतीला बसवलंत. दुष्काळात टँकरसाठी तुम्ही तहसीलला नऊ खेपा घातल्यात म्हणून शाळा बंद पडली नाही. मला इतिहास शिकवायची पदवी होती. इतिहास काय असतो ते पेढा खाऊन हजेरीला उभ्या राहिलेल्या पोराच्या लेकानं मला सांगितलं. पुढं वर्गात मी ती गोष्ट सांगू लागले, तुमचं नाव न घेता. तुम्हाला ते कळलं होतं का, कुणास ठाऊक.

शोकसभा संपली तेव्हा तुमची लेक रेखा मांडवाबाहेर उभी होती. सांगलीच्या दवाखान्यातली ड्यूटी करून थेट आलेली. ती आत बसलीच नव्हती. मला म्हणाली, "बाई, एकतीसला वस्तीवर या. आप्पांच्या मनात दर वर्षी यायचं तुम्हाला बोलवायचं."

घरी तुम्ही आप्पा होता. एवढंच म्हणून ती गेली. आणि बघा, माझं मन कसं आहे. पंधरा दिवस मी हाच विचार करत होते, की ही मला कशाला बोलावते आहे. चारचौघांत जाब विचारायचा असेल. माझं तोंड बघायचं असेल. एकतीसला सकाळी मी आजारी असल्याचा फोन करणार होते. रेखाचा नंबर लावला आणि ती उचलायच्या आत मीच ठेवून दिला. मग स्टँडवर गेले.

वस्तीवर मी पहिल्यांदाच आले, तात्या. अकरा वर्षं तुमच्या गावात राहिले आणि वस्ती शाळेपासून दीड किलोमीटरवर होती. पत्र्याच्या शेडपुढं ताडपत्री अंथरली होती. झेंडा होता, नीट बांधलेला. तुमचा फोटो होता. मुलांनी गाणी म्हटली, रेखा बोलली, एक म्हातारे गृहस्थ तारेच्या वसाहतीबद्दल बोलले. कुणीही तुम्हाला प्रामाणिक म्हणालं नाही. तुम्ही रागीट होता म्हणाले, गोड फार खायचात म्हणाले, बहिणीच्या लग्नात नाचताना पाय मोडून घेतलात म्हणाले. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मग रेखानं मला बोलायला सांगितलं. मी तयारी करून गेले होते, चार वाक्यं पाठ होती. उभी राहिले तेव्हा ती आठवली नाहीत. मी म्हणाले, "त्या वर्षी तात्यांना चौकीत नेलं. हवालदारानं मला विचारलं, संशय कुणावर. मी म्हणाले, किल्ली तात्यांकडं असते. किल्ली माझ्याकडंही होती. ते मी सांगितलं नाही. त्यांना माझ्यामुळं नेलं. आणि संध्याकाळी खरं कळल्यावरही मी त्यांना आणायला गेले नाही."

  ताडपत्रीवर कुणी चिडलं नाही. त्यांना नवीन काही ऐकल्यासारखं वाटलंच नाही. हे त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या घरी घडलेलं होतं. फरक इतकाच, की सांगणारी नाव देणाऱ्यांच्या बाजूची होती.

इंदुवहिनी बायकांच्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यास्नी ठावं हुतं, बाई. हवालदारानंच सांगितलं हुतं, तुमच्या बाईंनी नाव दिलं म्हून."

 म्हणजे त्या सकाळी फाटकातून आत आलात तेव्हाच तुम्हाला ठाऊक होतं. टायफॉइडात माझे हंडे भरलेत तेव्हा ठाऊक होतं. उन्हात उभे राहायचात तेव्हाही.

मी विचारलं, "मग ते मला कधी बोलले का नाहीत?"

"तुमी बोलाल म्हून वाट बगत हुते," त्या म्हणाल्या. "तुमी रिटायर हून गेल्यावर बी म्हनायचे, बाई येतील एक दिस."

त्यांनी बाजूच्या बाईला सरकायला सांगितलं. मी त्यांच्याशेजारी बसले. पुढची मुलगी उठून माइकपाशी गेली आणि कार्यक्रम चालू राहिला. मला माफ केलं का, असं मी इंदुवहिनींना विचारलं नाही. ते विचारायचं होतं तुम्हाला, तुम्ही जिवंत असताना, विट्याच्या स्टँडवरून सुटणाऱ्या कुठल्याही एसटीत बसून.